आधी खणलेले पाट

'फर्लो' हा शब्द आपल्याकडे कैद्यांच्या बातम्यांमुळे माहीत आहे. पॅरोलवर सुटला, फर्लोवर सुटला वगैरे. मूळ शब्द सैन्यातला. शिपायाला घरी जायला मिळायची ती रजा. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये हा शब्द अटलांटिकच्या दोन्ही काठांवर अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. गंमत अशी की दोन्हीकडे अर्थ उलटे! लंडनमधल्या वेटरला मालकाने फर्लो केलं तर तो घरी बसायचा आणि पगाराच्या ८० टक्के रक्कम त्याला मिळत राहायची. इथे न्यू जर्सीतल्या वेटरला फर्लो केलं तर तोही घरीच बसायचा, पण बिनपगारी. पुढचं त्याचं त्याने बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, अमेरिका कंजूष आणि ब्रिटन दयाळू. मलाही आधी तसंच वाटलं असतं, पण आकडे तसं सांगत नाहीत. त्या दीड वर्षात अमेरिकेने पैसा अक्षरशः ओतला. फरक होता तो पैसा कुठल्या वाटेने गेला यात. ही वाट कशी तयार झाली ही मोठी रंजक गोष्ट आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी संकट केवढं होतं ते बघू. अमेरिकेत बेकारभत्त्यासाठी दर आठवड्याला किती नवे अर्ज आले याचा आकडा गुरुवारी जाहीर होतो. १४ मार्च २०२० ला संपलेल्या आठवड्यात तो ३ लाखांच्या आत होता. पुढच्या आठवड्यात ३३ लाख. त्याच्या पुढच्या आठवड्यात ६० लाखांच्या वर! त्याआधीचा उच्चांक १९८२ सालचा, सुमारे ७ लाखांचा. वर्तमानपत्रांच्या आलेखात ती रेघ पानाच्या मथळ्यापर्यंत चढवावी लागली होती. एप्रिलमध्ये बेकारीचा दर १४.७ टक्के झाला. फेब्रुवारीत तो होता ३.५.

साथीत लोकांचं काम जाणं नवं नाही. नवं होतं ते 'कामावर येऊ नका, घरी बसा आणि पैसे घ्या' असं सरकारने म्हणणं. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. १८९६ साली प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे पळाली. गिरणीकामगार कोकणात आणि देशावर निघून गेले. तोवर गिरण्यांत पगार महिन्याने आणि तोही उशिरा व्हायचा, म्हणजे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. प्लेगमध्ये मात्र जे कामगार मागे राहिले त्यांनी रोजचे पैसे रोज मागितले. माणसंच मिळेनात म्हटल्यावर मालकांना ते द्यावे लागले. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागत होती. थोडक्यात, त्या साथीत जादा पैसे मिळाले ते जीव धोक्यात घालून कामावर येण्याचे. गावी पळालेल्याला कुणी दमडी दिली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही अमेरिकेतल्या कामगाराची अवस्था वेगळी नव्हती. आजारी पडलात, दुकान बंद झालं, तर तुमचं नशीब.

अमेरिकेत बेकारीचा विमा आला तो महामंदीनंतर. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली पहिला कायदा केला आणि १९३५ साली रूझवेल्टच्या सोशल सिक्युरिटी कायद्यात तो देशभर गेला. त्यामागे होत्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. त्यांच्यापुढे पेच होता सुप्रीम कोर्टाचा. केंद्राने एकच देशव्यापी योजना आणली तर कोर्ट ती घटनाबाह्य ठरवेल अशी धास्ती होती. मग युक्ती निघाली. केंद्राने मालकांवर कर बसवायचा आणि ज्या राज्याने स्वतःची योजना केली तिथल्या मालकांना त्यातला ९० टक्के माफ करायचा. दोन वर्षांत सगळ्या राज्यांनी कायदे केले. युक्ती फळाला आली, पण देशाला एक योजना न मिळता प्रत्येक राज्याची वेगळी मिळाली. भत्ता वेगळा, नियम वेगळे आणि पुढे कॉम्प्युटर आले ते पण वेगळे.

शिवाय या योजनेत कोण नव्हतं हेही बघा. शेतमजूर नव्हते, घरकाम करणाऱ्या बायका नव्हत्या, आठपेक्षा कमी माणसं असलेली दुकानं नव्हती आणि स्वतःचा धंदा करणारा तर नव्हताच. दक्षिणेतले बहुसंख्य काळे लोक शेतात नाहीतर घरकामात. ते आपोआप बाहेर राहिले. आपल्याकडे धरणाचा कालवा खणताना कुणाचं शेत पाटाखाली येणार आणि कुणाचं कोरडं राहणार हे ज्या दिवशी आखणी होते त्या दिवशीच ठरतं. पाऊस नंतर कितीही पडो. हे तसंच. यातले काही नियम पुढे बदलले, पण आखणी तीच राहिली.

आता येऊ २०२० वर आणि माझ्या जिव्हाळ्याच्या विषयावर, म्हणजे कोबॉलवर. मी नव्वदीच्या शेवटी वाय-टू-केच्या लाटेत इकडे आलेल्यांपैकी. पुण्यात तीन महिन्यांचा कोबॉलचा कोर्स केला आणि विमानात बसलो. कोबॉल ही भाषा १९५९ सालची. २००० साल उलटलं तसं आम्ही सगळे जावा वगैरे शिकून पुढे सरकलो. आणि ४ एप्रिल २०२० ला आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी रोजच्या पत्रकार परिषदेत म्हणाले की राज्याला कोबॉल येणारे स्वयंसेवक हवे आहेत! आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर त्या दिवशी जो हशा पिकला तो विचारू नका. पण हसू लवकरच ओसरलं. बेकारभत्त्याची राज्याची यंत्रणा चाळीसेक वर्षं जुन्या मेनफ्रेमवर चालत होती आणि एका आठवड्यात लाखभराहून जास्त लोक तिच्या दारात उभे होते.

इंजिनिअर म्हणून मी कोबॉलची बाजू घेणार. भाषा जुनी असणं हा दोष नव्हे. जगातल्या बँका अजून तिच्यावर चालतात. दोष होता वर्षानुवर्षं देखभालीवर खर्च न करण्याचा. याचा पुरावा फ्लोरिडात मिळाला. तिथली यंत्रणा २०१३ साली कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेली, म्हणजे तशी नवीकोरी, पण तीही कोसळली. एप्रिलमध्ये हायलीया गावात छापील अर्ज घेण्यासाठी लोकांनी लायब्ररीबाहेर रांगा लावल्या, तेही साथ ऐन भरात असताना. पुढे खुद्द गव्हर्नर डिसँटिस यांनीच जाहीरपणे सांगितलं की ही यंत्रणा बांधतानाच तिच्यात असे अडथळे घातले होते की लोकांनी कंटाळून नाद सोडावा. त्या राज्यात भत्ता होता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, आणि तो १२ आठवडे. पाट अरुंद होता कारण तो अरुंदच खणला होता.

मार्चअखेर अमेरिकन संसदेने 'केअर्स' कायदा केला. बेकार झालेल्याचा गेलेला पगार भरून द्यायचा असं खासदारांच्या मनात होतं. पण प्रत्येकाचा पगार बघून त्याची टक्केवारी काढणं राज्यांच्या कॉम्प्युटरना लवकर जमणार नाही, असं कामगार खात्याने सांगितलं. मग सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांतला फरक काढला. तो निघाला आठवड्याला साधारण ६०० डॉलर. ठरलं, सगळ्यांना सरसकट ६००! परिणाम असा झाला की भत्ता मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक लोकांना त्यांच्या जुन्या पगारापेक्षा जास्त पैसे मिळाले. शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी हे लगेच दाखवून दिलं आणि त्यावरून टीव्हीवर महाभारत झालं. लोक आळशी होतील की नाही यावर तासन्‌तास चर्चा. मुळात हा आकडा कॉम्प्युटरच्या अडचणीतून आला होता, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिलं.

पगार चालू ठेवायलाही अमेरिकेने योजना काढली होती. तिचं नाव पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम. छोट्या धंद्यांनी बँकेकडून कर्ज घ्यायचं, माणसं कामावर ठेवली तर कर्ज माफ. इथे पाट बँकांचा होता. साहजिकच ज्याची बँकेत ऊठबस त्याच्याकडे पाणी आधी. पहिले ३४९ अब्ज डॉलर १३ दिवसांत संपले. लेकर्ससारख्या बास्केटबॉल संघालाही ४६ लाख डॉलरचं कर्ज मिळालं होतं. बोंब झाल्यावर त्यांनी ते परत केलं. सगळं मिळून सुमारे ८०० अब्ज डॉलर गेले. ज्यांची नोकरी एरवी गेली असती अशा कामगारांपर्यंत त्यातले २३ ते ३४ टक्केच पोचले, असा नंतरच्या एका नावाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

ब्रिटनचं काय वेगळं होतं? तिथे २०१३ पासून एक कंटाळवाणी सुधारणा झाली होती. प्रत्येक मालकाने प्रत्येक पगाराच्या दिवशी प्रत्येक कामगाराचा पगार आणि कर यांची माहिती कर खात्याला ऑनलाइन पाठवायची. साथीचा कुणी स्वप्नातही विचार केला नव्हता, हेतू फक्त करवसुलीचा. पण त्यामुळे मार्च २०२० मध्ये सरकारला आधीपासून ठाऊक होतं की कोण कुठे कामाला आहे आणि त्याला किती मिळतात. ऋषी सुनक यांनी २० मार्चला घोषणा केली आणि बरोबर महिन्याने, २० एप्रिलला, पोर्टल सुरू झालं. पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड. ३० सप्टेंबर २०२१ ला योजना संपेपर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि खर्च आला सुमारे ७० अब्ज पौंड. जर्मनीत तर कमी तासांचं काम आणि उरलेल्या पगाराची सरकारी भरपाई ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी. एप्रिल २०२० मध्ये तिथे सुमारे ६० लाख कामगार तिच्यावर होते.

अर्थात ब्रिटनचा पाटही सगळ्या शेतांत गेला नाही. ठरलेल्या तारखेच्या आत ज्याचं नाव नव्या मालकाच्या यादीत लागलं नव्हतं, म्हणजे ज्याने नुकतीच नोकरी बदलली होती, असे कितीतरी लोक अधांतरी राहिले. आणि अमेरिकेला सगळाच दोष देऊ नये. स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी १९३५ पासून बंद असलेलं दार २०२० मध्ये तात्पुरतं उघडलं. माझे केस कापणारी बाई सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन काम करते. कायद्याच्या लेखी ती कुणाचीच कामगार नाही. तिला काही आठवडे थांबावं लागलं, पण पैसे मिळाले. सरकारी मदत धरून काढलेल्या मापाने २०२० मध्ये अमेरिकेतली गरिबी चक्क कमी झाली. दुसरीकडे, जुन्या यंत्रणेतून घाईने एवढा पैसा सोडल्यामुळे चोरांचंही फावलं. सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलरच्या फसवणुकीचा आहे.

आणि आमच्यातले एच-वनवाले? न्यू जर्सीत बेकारी विम्याचा थोडा हप्ता कामगाराच्या पगारातूनही कापतात. पगाराच्या पावतीवर ती ओळ असते. एच-वनवाल्याचाही कापतात. पण भत्त्याची अट अशी की माणूस कुठेही काम करायला मोकळा हवा आणि एच-वनवाला तर एकाच कंपनीला बांधलेला. नोकरी गेली की बहुतेकदा भत्ता नाही आणि दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस. माझ्या ओळखीच्या एका मुलाची नोकरी एप्रिल २०२० मध्ये गेली. भारतात जायला विमानं बंद, इथे राहायला दिवस मोजलेले, बायकोला सातवा महिना. त्याला त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. पण हप्ता भरूनही त्याच्या शेतात पाणी आलं नाही ते नाहीच.

आपल्या देशातलं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तरी एक सांगतो. २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की टाळेबंदीतही मालकांनी पूर्ण पगार द्यावा. मेमध्ये तो मागे घेतला. पैसे कुठून आणि कुठल्या यंत्रणेतून जाणार याची सोयच नव्हती. आदेश होता, पाट नव्हता. शहरातला मजूर चालत गावी निघाला. पण गावात मात्र एक पाट होता. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून खणलेला, रोजगार हमीचा. त्याच धर्तीवर २००५ साली देशाचा कायदा झाला आणि २०२०-२१ मध्ये त्या योजनेवर ७ कोटींहून जास्त कुटुंबांना काम मिळालं. तोवरचा तो उच्चांक होता. दुष्काळासाठी केलेली सोय पन्नासेक वर्षांनी साथीत कामाला आली.

इकडची पुढची गोष्ट सांगून थांबतो. हे सगळं पाहिल्यावर २०२१ साली अमेरिकन संसदेने राज्यांच्या बेकारभत्त्याच्या यंत्रणा सुधारायला २ अब्ज डॉलर मंजूर केले. २०२३ मध्ये सरकारी कर्जाच्या मर्यादेवरून दोन पक्षांत तडजोड झाली, तेव्हा त्यातला १ अब्ज परत काढून घेतला. तेव्हा बेकारी कमी होती, रांगा नव्हत्या, कुणी फारसं लक्षही दिलं नाही.