तोळा आणि टन : घरगुती प्रयोगशाळेच्या रसायनांचा इतिहास

ठाणे-बेलापूर मार्गालगत गेल्या साठ वर्षांत रासायनिक कारखान्यांची एक मोठी वसाहत उभी राहिली. तरीही तिच्या शेजारी, वाशीस अथवा कोपरखैरण्यास राहणाऱ्या विद्यार्थ्यास घरच्या प्रयोगासाठी दहा ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट दुकानातून आणावयाचे झाल्यास बहुधा खाडी ओलांडून मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटचीच वाट धरावी लागते. हा विरोधाभास आजचा नाही. घरी प्रयोग करणाऱ्यापुढे पदार्थ अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच होता. तो थोड्या प्रमाणात, खात्रीच्या शुद्धतेचा आणि ओळखता येईल अशा नावाने मिळतो की नाही, हाच खरा प्रश्न होता.

यांपैकी नावाचा प्रश्न जुन्या काळी जवळजवळ नव्हताच. मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा, टांकणखार, तुरटी, गंधक हे पदार्थ काष्ठौषधींच्या दुकानी तोळ्याच्या मापाने मिळत, आणि वैद्य, रंगारी, सोनार व शाई करणारा कारकून यांना ते सारखेच परिचित होते. मोल्सवर्थच्या कोशात या नामावलीस स्थान मिळाले आहे. शब्दांच्या वंशावळीवरून व्यापाराचे मार्गही दिसतात. मोरचुदाच्या मागे संस्कृत मयूरतुत्थ उभे आहे. सोरा फारसीतून आला. आणि फारसी नौशादर मराठीच्या तोंडी बसताना नवसागर झाला असे मानले जाते. त्या क्षाराचा सागराशी काही संबंध नाही. मात्र या नावांनी पदार्थाची ओळख पटे, त्याची शुद्धता कळत नसे. शाईस किंवा रंगबंधनास तेवढ्याने भागत होते.

छायाचित्रणाने ही व्यवस्था अपुरी ठरविली. मुंबईत 1854 साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गही निघाला. कलोडियनची ओली काच वाळण्यापूर्वीच प्रकाशित करून धुवावी लागे. म्हणून हौशी माणसास छायाचित्रकाराबरोबरच रसायनज्ञही व्हावे लागे. सिल्व्हर नायट्रेट जखमा डागण्याच्या कांडीच्या रूपाने वैद्यकात रुळले होते आणि त्यास काडीखार हे सुटसुटीत मराठी नावही मिळाले. पायरोगॅलिक आम्ल, कलोडियन, हायपो यांना मात्र तसे नाव लाभले नाही. ती आगबोटीतून आली आणि इंग्रजी नावांनीच राहिली. अशी नावे पेठेत विचारून कळत नसत. ती वर्गात अथवा पुस्तकातच शिकावी लागत.

हे शिक्षण देण्याचा सर्वांत विचारपूर्वक यत्न प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी केला. बडोद्याचे कलाभवन 1890 साली त्यांच्या पुढाकाराने निघाले. नंतर मुंबईस येऊन त्यांनी गिरगावात स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा चालविली. 1896 साली चापेकर बंधूंनी मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास डांबर फासले. ते डाग काढणे इतरांस साधेना, ते गज्जरांनी साधले. (डांबर कोणासही मिळत होते, ते उतरविण्यास मात्र रसायनज्ञ लागला!) त्यांच्या शिष्यपरिवारातील कोटिभास्कर आणि अमीन यांच्या सहभागाने 1907 साली अलेंबिक केमिकल वर्क्स हा कारखाना निघाला.

याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रण शिकले. त्यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु 1912 सालचे त्यांचे दादर येथील घर ही प्रथमतः एक प्रयोगशाळा होती, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलमध्ये परतले. भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ दररोज त्याचे चित्र टिपले. घरी केलेला शास्त्रीय प्रयोग यापेक्षा निराळा तो काय?

कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. सरस्वतीबाई फाळके अंधारात तिला छिद्रे पाडीत आणि फिल्म धुण्याची द्रावणेही तयार करीत. या कामाची जोखीम लक्षात घेतली पाहिजे. विकासक द्रावणात क्षपणक, सल्फाइट, अल्क आणि किंचित ब्रोमाइड असते. पैकी अल्क म्हणजे धुण्याचा सोडा पेठेत मिळे. मेटॉल किंवा हायड्रोक्विनोनसारख्या क्षपणकांसाठी परदेशी पुरवठ्यावाचून गत्यंतर नव्हते. माप चुकले तर दिवसभराचे चित्रण वाया! 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या मागे संसारी स्त्रीने अंधारात केलेले हे मोजमाप होते. चरित्रकार त्यास पत्नीचे साहाय्य म्हणतात. प्रयोगशाळेच्या परिभाषेत ते रसायनज्ञाचेच काम होय.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि जर्मन रंग व रसायने जगभर दुर्मिळ झाली. परावलंबनाचा हा धडा कारखानदारांनी घेतला. घरच्या प्रयोगकर्त्याच्या वाट्यास त्यातून फारसे काही आले नाही.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1968 साली ठाणे-बेलापूर मार्गावर नोसिलचे नॅफ्था विघटनाचे संयंत्र चालू झाले. सिडकोची स्थापना त्यानंतरची, 1970 सालची. म्हणजे येथे नगराआधी रसायने आली. परंतु ती नळांतून व टाक्यांतून वाहणारी, टनांनी मोजली जाणारी. तोळ्याचा व्यवहार खाडीपलीकडेच राहिला, आणि तेथे बाटलीवरील ‘एलआर’ आणि ‘एआर’ ही अक्षरे शुद्धतेची ग्वाही देऊ लागली. 1919 च्या विषविषयक कायद्याने विषारी पदार्थांच्या विक्रीस परवान्याचे बंधन घालता येऊ लागले होते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आम्लाच्या किरकोळ विक्रीस नोंदवही, ओळखपत्र आणि वयाची अट लागली. आम्लहल्ल्यांची भीषणता पाहता ती अट न्याय्यच आहे. मोरचूद मात्र अद्याप जुन्याच नावाने मिळते. कोकणातील सुपारीच्या बागाईतदारांस कोळेरोगावरील बोर्डो मिश्रणासाठी ते लागते. शेतीच्या दुकानातील हे मोरचूद फारसे शुद्ध नसले तरी घरी स्फटिक वाढविणाऱ्या विद्यार्थ्याचे काम त्याने सहज भागते.