कोठे उतरलात?

आपल्या भागात परगावचा मनुष्य भेटला की नावगावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : कोठे उतरलात? या प्रश्नात चौकशीपेक्षा निमंत्रण अधिक असते. रेल्वे व लॉज येण्यापूर्वी प्रवाशाला आसरा म्हणजे देऊळ, धर्मशाळा, नाहीतर कुणाच्या तरी घराचा सोपा. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेस निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये लढाईइतकेच मुक्कामांचेही वर्णन येते, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही.

बेळगावच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध मुक्काम १८९२ च्या ऑक्टोबरातला. एका पहाटे रिसालदार गल्लीत वकील सदाशिवराव भाटे यांच्या दारी एक तरुण संन्यासी उभा राहिला. कोल्हापूर संस्थानच्या दरबारातील गोळवलकर यांची चिठ्ठी त्याच्यापाशी होती. तेवढी ओळख पुरली. शिकागोच्या सभेला अद्याप अकरा महिने अवकाश होता. विवेकानंद हे नाव तेव्हा कुणाला ठाऊक असणार? भाट्यांचे चिरंजीव पुढे प्राध्यापक झाले व त्यांनी या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांवरून दिसते ते असे की, पाहुण्याने घरच्यांना प्रथम चकितच केले. जेवणानंतर विडा मागितला, सोबत तंबाखूही. संन्याशाने तंबाखू खावी हे त्या काळच्या ब्राह्मण घराला कसे पटावे? पण मुलगा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत होता, आणि जी सूत्रे तो कष्टाने घोकत होता तीच पाहुण्याला त्याच्याहून चांगली मुखोद्गत होती. मग काय, गावातले वकील, शास्त्री, जिज्ञासू यांची दारी रीघ लागली.

१८ ऑक्टोबरला वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांची गाठ पडली. ते बंगाली, स्वामीही बंगाली. आपल्याकडे राहण्यास यावे असा त्यांनी आग्रह धरला. त्यावर स्वामींचे म्हणणे असे की, मी एका महाराष्ट्रीय गृहस्थाकडे उतरलो आहे, त्याचे मन दुखावून कसा निघू? अखेर मित्रांनी भाटे यांची समजूत घातली आणि उरलेले सुमारे नऊ दिवस स्वामी किल्ल्यातील मित्रांच्या घरी राहिले. त्या जागी आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. पाहुण्याला यजमानाची अनुमती लागावी, हा त्या काळचा शिष्टाचार मला त्या मुक्कामातील साऱ्या तत्त्वचर्चेपेक्षा बोलका वाटतो. २७ तारखेस मित्रांनी काढून दिलेल्या तिकिटावर स्वामी मार्मागोव्याकडे निघाले. जाण्यापूर्वी मित्रांच्या आग्रहाखातर काढलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

मात्र आदरातिथ्याच्या या अभिमानाला एक दुसरी बाजू आहे, आणि जुन्या घरांतील आपण मंडळी तिच्याकडे सहसा पाहत नाही. चिठ्ठी हाती असून भागत नसे. ती आणणाऱ्याची जातही दारात विचारली जाई. १९१७ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना उतरायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात ते पारशी नावाने राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला व मुंबई कायदेमंडळाने तो १९२३ मध्ये मंजूर केला. ठरावात पाण्याच्या जोडीला धर्मशाळा आहे, हे पाहण्याजोगे आहे. रात्रीचे छप्पर ही पाण्याइतकीच निकडीची गोष्ट होती.

बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीजवळ ‘विजयनगर’ हे तात्पुरते नगरच उभे राहिले. त्याच्या पाण्यासाठी खणलेली ‘काँग्रेस विहीर’ आजही आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. एकाच जिल्ह्यातील हे दोन प्रसंग. पहिल्याच्या कथा आमच्या घरांत वारंवार ऐकू आल्या. दुसऱ्याच्या मी तरी लहानपणी कधी ऐकल्या नाहीत.

आपल्या भागातील वारकरी पंढरपुरास जातात, त्यांना तेथील चोखामेळा धर्मशाळा ठाऊक असेल. गाडगेबाबांनी वर्गणी जमवून ती बांधली आणि १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवळाच्या पायरीबाहेर थांबलेल्या संताच्या नावाने ती उभी आहे.

रिसालदार गल्लीतून जाताना भाटे यांच्या घरापाशी माझी पावले अजून मंदावतात. त्या पहाटे चिठ्ठीखेरीज दार उघडले गेले असते का, हा प्रश्न हल्ली तेथे हमखास मनात येतो.