बोरीची राख आणि हातकुऱ्हाडींचे वय

वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले गेले, त्याच जातीच्या पाषाणातून त्याच्या लाखो वर्षे आधी महाराष्ट्रातील आदिमानवाने हत्यारे घडवली. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना लागणाऱ्या नेवाशात, प्रवरेकाठी, डॉ. ह. धी. सांकळिया यांना १९५० च्या दशकात अशी पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. पण त्यांचे वय सांगायचे कसे? बेसॉल्टचे वय मोजले, तर उत्तर येते सुमारे ६.६ कोटी वर्षे. ते खडकाचे वय, हत्याराचे नव्हे! कार्बन पद्धतीची धाव जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत.

येथे ज्वालामुखीची राख साक्षीला येते. राखेतील स्फटिकांमधल्या पोटॅशियमचा एक अंश अत्यंत संथ, पण ठरावीक गतीने आरगॉन वायूत बदलतो. तो साठलेला वायू मोजला की उद्रेकाचा काळ कळतो. थराखालचे हत्यार राखेच्या आधीचे, थरावरचे नंतरचे. पूर्व आफ्रिकेतील ओल्डुवाई येथे १९६१ मध्ये याच पद्धतीने साडेसतरा लाख वर्षे हा काळ निघाला.

महाराष्ट्रातील ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झालेले. तरीही जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी येथे, १९८० च्या दशकात संशोधकांना हातकुऱ्हाडींच्या सान्निध्यात राखेचा थर आढळला. ही राख सुमारे तीन हजार किलोमीटरवरील सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची.

मग वादाला तोंड फुटले. १९८९ मध्ये तिचे वय १४ लाख वर्षे सांगितले गेले, तर १९९५ मध्ये ६.७ लाख. त्याच वर्षी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जुळते, असे मांडले. एकाच राखेच्या वयात जवळजवळ एकोणीस पटींचा फरक! नदीने वाहून आणलेल्या राखेत दख्खनच्या जुन्या बेसॉल्टचे थोडे कण मिसळले, तरी मोजलेले वय फुगते. आणि राख जर वाहत आली, तर हत्यारेही वाहत आली नसतील कशावरून? त्यामुळे केवळ थरांच्या क्रमावर विसंबणे धोक्याचे.

तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कमच्या हातकुऱ्हाडींचे वय २०११ मध्ये सुमारे १५ लाख वर्षे ठरले, तेही राखेविना, क्वार्ट्झच्या दगडांवरील विश्वकिरणांच्या खुणांवरून. त्यामुळे हातकुऱ्हाडी इतक्या जुन्या कशा, हा आक्षेप उरला नाही; बोरीची राख मात्र त्याने जुनी ठरत नाही. आणि बेसॉल्टच्या मुलखात क्वार्ट्झची वानवाच, म्हणून तीच पद्धत कुकडीकाठी वापरणेही सोपे नाही.