इंग्लिशमधील परिमाणदर्शक शब्द

नामाने दर्शविलेल्या वस्तूची संख्या किंवा प्रमाण सांगणाऱ्या इंग्लिश शब्दांना परिमाणदर्शक शब्द म्हणतात. 'मेनी', 'मच', 'फ्यू', 'लिटल', 'सम', 'एनी' हे त्यांतील प्रमुख शब्द होत. मराठी व्याकरणात अशा शब्दांचा विचार बहुधा अनिश्चित संख्याविशेषणांत केला जातो.

मराठीशी तुलना

मराठीत विशेषण नामाच्या लिंग-वचनानुसार बदलते, उदा. थोडा वेळ, थोडी साखर, थोडे दूध. इंग्लिशमध्ये लिंगाचा संबंध नसतो. नाम गणनीय आहे की अगणनीय, यावर शब्दाची निवड ठरते. मराठीतील 'किती' हा एकच शब्द गणनीय नामापूर्वी 'हाऊ मेनी' आणि अगणनीय नामापूर्वी 'हाऊ मच' असा होतो. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या शेती व दुग्धव्यवसायाच्या गावातील उदाहरण घेतल्यास, गाई किती हे विचारताना 'मेनी' आणि दूध किती हे विचारताना 'मच' वापरावे लागते.

गणनीयतेतील फरक

एखादे नाम मराठीत गणनीय असले म्हणजे ते इंग्लिशमध्येही तसेच असते, असे नाही. पैसे, केस, तांदूळ, बातम्या, सल्ले ही नामे मराठीत अनेकवचनी चालतात. परंतु 'मनी', 'हेअर', 'राइस', 'न्यूज', 'अ‍ॅडव्हाइस' ही नामे इंग्लिशमध्ये सामान्यतः अगणनीय आहेत. त्यामुळे 'खूप पैसे' याचे 'मेनी मनी' असे शब्दशः भाषांतर चुकीचे ठरते.

अगणनीय वस्तू मोजण्यासाठी मापाचा आधार घेतात. मराठीत 'दोन लिटर दूध' म्हणताना माप व नाम यांमध्ये शब्द लागत नाही; इंग्लिशमध्ये मात्र 'टू लिटर्स ऑफ मिल्क' असे म्हणावे लागते.

'अ' या उपपदाने होणारा अर्थभेद

'फ्यू' गणनीय नामांपूर्वी व 'लिटल' अगणनीय नामांपूर्वी येतो. उपपद नसताना दोन्ही शब्द उणीव सुचवतात. 'अ' जोडल्यास काही प्रमाणात असल्याचा अर्थ निघतो. 'लिटल मिल्क' म्हणजे 'थोडेच दूध' आणि 'अ लिटल मिल्क' म्हणजे 'थोडेसे दूध'. मराठीत हे काम बहुधा 'च' हे अव्यय करते. उपपद गळल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, पण अर्थ उलटतो. म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही.

इतर नियम

होकारार्थी विधानात सहसा 'सम', तर नकारार्थी विधानात व प्रश्नात 'एनी' वापरतात. मात्र पाहुण्याला चहा विचारताना, म्हणजे होकार अपेक्षित असताना, प्रश्नातही 'सम' येतो. बोलण्यातील होकारार्थी वाक्यांत 'मच'ऐवजी 'अ लॉट ऑफ' अधिक रूढ आहे.

गणनीय नामांपूर्वी 'लेस' न वापरता 'फ्युअर' वापरावा, ही पसंती रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये नोंदवली. पुढे तिला नियमाचे स्वरूप आले. तरीही अंतर, रक्कम व कालावधी सांगताना आकड्यापूर्वी 'लेस दॅन' हेच प्रचलित आहे.

अध्यापन

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्लिश शिकवले जाते. हे शब्द शिकताना केवळ मराठी प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नामाची गणनीयता शिकणे अधिक उपयुक्त ठरते.