दात, जबडा आणि एक बलवत्तर समजूत

कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडले की बोटाखाली काहीतरी हलल्याचे जाणवते. तोच जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड अधिक उघडले की पुढेही सरकतो. डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला असल्यामुळे, एका जुवाला जुंपलेल्या बैलांप्रमाणे, त्यांना एकमेकांना सोडून चालता येत नाही.

हा सांधा निखळतो हे प्राचीनांना ठाऊक होते. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व पट्टा बांधावा, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. पण दातांची ठेवण बिघडली की सांधा बिघडतो, हा विचार त्या मानाने अगदी अलीकडचा.

त्याला खरा जोर आला १९३४ साली. अमेरिकेतील सेंट लुईस येथील जेम्स कॉस्टेन हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. अकरा रोग्यांच्या हकीकतींवरून त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दाढा पडल्या की खालचा जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे रेलते आणि कानाजवळच्या नसा दाबल्या जातात. कानदुखी, कानातील आवाज, चक्कर, डोकेदुखी ही सारी त्याचीच फळे, असे त्यांचे प्रतिपादन. उपाय सोपा : दाढांची उंची भरून काढावी. दंतवैद्यांना हा विचार पटला आणि विकाराला कॉस्टेनचे नाव मिळाले.

१९४८ साली हॅरी सिकर या शरीररचनाशास्त्रज्ञाने या उपपत्तीचा पायाच काढून घेतला. कॉस्टेन म्हणतात त्या नसा तशा दाबल्याच जाऊ शकत नाहीत, असे त्याने रचनेच्या आधारे दाखवले. पण समजूत मेली नाही. तिने वेष बदलला. दाढा पडल्या नसतील तर दात विषम टेकत असतील, असे म्हणून चांगले दात घासून 'समतल' करण्याची पद्धत रूढ झाली.

कारण उघड होते. रोग्यांना बरे वाटत होते! आता प्रश्न असा, की बरे वाटले ते घासण्याने की आणखी कशाने? १९६९ साली डॅनियल लास्किन यांनी दुखण्याचे मूळ स्नायूंच्या ताणात व मनाच्या ओढाताणीत शोधले. आपल्याकडे रागावलेला माणूस 'दातओठ खातो'. भाषेला हे आधीच कळले होते म्हणायचे! पुढे १९७६ साली गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी पंचवीस रोग्यांवर दात घासण्याचे नुसते सोंग केले. चावण्याच्या पृष्ठभागाला हात लावला नाही. तरी सोळा जणांनी दुखणे पूर्णपणे वा जवळजवळ थांबल्याचे सांगितले. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढाच तो न्याय.

मग दातांचा व सांध्याचा संबंधच नाही काय? तसेही नव्हे. संधिवाताने सांध्याचे हाड झिजले की पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. येथे दातांची विषमता कारण नसून कार्य आहे! वर्षानुवर्षे आपण गाडीला बैल जुंपण्याऐवजी बैलाला गाडी जुंपत होतो, असे यावरून दिसते. आज या दुखण्यामागे मार, दात आवळण्याची सवय, अपुरी झोप, चिंता, शरीरातील इतर वेदना अशी अनेक कारणे एकत्र मानली जातात. दातांच्या ठेवणीचा वाटा त्यात असलाच तर थोडा.

१९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बेथेस्डा येथे भरवलेल्या परिषदेने, परत फिरता येईल असेच उपचार आधी करावेत, असा कौल दिला. मऊ अन्न, शेक, जबड्याचा बेताचा व्यायाम, काढता-घालता येणारी पट्टी, ही त्यांतली काही. नुसता न दुखता होणारा 'कट्' असा आवाज बहुधा उपचारही मागत नाही.

श्रोतेहो, दाताचे कवच एकदा घासले की पुन्हा उगवत नाही. समजूत चुकली तर विद्वान ती बदलतात; पण तिच्यापायी गेलेले दात कोणी परत आणून देत नाही. म्हणून आपल्या निरोगी दातांना कोणी कानस लावू लागला, तर 'पुरावा काय?' एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे, आणि तो त्याने जरूर बजावावा.