बैठेपण आणि बांधणी

‘बैठं’ हा शब्द आपण घरालाही लावतो. औशाचा भुईकोट तर खरोखरच बसलेला आहे: सखल जागेत, दुहेरी तट आणि खंदकाच्या आड. भोवतालची जमीन उंच. त्यामुळे चालून येणाऱ्या फौजेला किल्ला लांबून दिसत नसे, आतल्या उंच बुरुजावरून मात्र फौज दिसे. इथं बुटकेपणाच कामी आला.

यावरून आपल्याला वाटतं, बुटकं ते सुरक्षित. पण याच औसा तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तिथली घरं बैठीच होती. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत न गुंफलेले, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. थर सुटले, माळवद झोपलेल्यांवर आलं. त्या परिसरात हजारो माणसं गेली.

उकिडवा बसलेला माणूस पाहा. टाचा, गुडघे, कंबर एकमेकांना धरून असतात, म्हणून त्याचा तोल राहतो. भिंतीचंही तसंच आहे. तेव्हा दगडी घर कितीही बैठं असो, भिंतीत आरपार जाणारे दगड घातलेत का, हे गवंड्याला आपण विचारलंच पाहिजे.