ओत्रांतोचे रक्तसाक्षी आणि नंतर बांधलेला किल्ला



14 ऑगस्टला आपल्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवसाची गडबड असते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि त्याच सकाळी झेंडावंदन. त्यामुळे 14 तारखेच्या संतांकडे लक्षच जात नाही. संत मॅक्सिमिलियन कोल्बे तरी काहींना माहीत असतात. त्याच दिवशी स्मरण होणारे ओत्रांतोचे सुमारे 800 रक्तसाक्षी फार थोड्यांना ठाऊक आहेत.

ओत्रांतो हे दक्षिण इटलीतले छोटे बंदर. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्या बुटाच्या टाचेवर ते वसले आहे. समोर सुमारे 70 किलोमीटर समुद्र, आणि पलीकडे अल्बानिया. 28 जुलै 1480 रोजी त्याच बाजूने गेदिक अहमद पाशाचे तुर्की आरमार आले. गावाने शरण जायला नकार दिला. वेशीच्या किल्ल्या समुद्रात फेकून दिल्या, असे सांगतात. पण जुनी तटबंदी तोफांपुढे टिकली नाही. 11 ऑगस्टला शत्रू आत शिरला. वृद्ध आर्चबिशप स्तेफानो कॅथेड्रलमध्येच मारले गेले. उरलेल्या पुरुषांना धर्म सोडण्यास सांगण्यात आले. त्यांच्या वतीने आंतोनियो प्रिमाल्दो पुढे होऊन नाही म्हणाला. परंपरेनुसार तो शिंपी होता. 14 ऑगस्टला मिनर्वा टेकडीवर त्या सर्वांचा शिरच्छेद झाला. प्रिमाल्दोचा पहिला नंबर.

मारणाऱ्यांचा हेतू धर्माचा किती आणि युद्धाचा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. साक्षीदारांचे जबाब 1539 मध्ये, म्हणजे जवळजवळ 60 वर्षांनी घेतले गेले. हे आपण लपवू नये. पण ती माणसे मेली, आणि त्यांच्या अस्थी आजही कॅथेड्रलमधल्या वेदीमागे काचेच्या कपाटांत आहेत, हे कोणी नाकारत नाही. 1771 साली त्यांना धन्य घोषित केले गेले. संतपदाची तारीख पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 फेब्रुवारी 2013 च्या सभेत जाहीर केली. त्याच सभेत त्यांनी आपला राजीनामाही सांगितला, आणि बातमी अर्थातच तिचीच झाली! 12 मे रोजी संतपद दिले पोप फ्रान्सिस यांनी.

ही कथा मी युवकांना सांगितली तेव्हा एकाने लगेच विचारले, "मग बदला कोणी घेतला?" प्रश्न ऐकून मी थोडा थांबलो. आपल्या गल्लीत मुसलमान शेजारी आहेत, ही मुले त्यांच्यासोबतच क्रिकेट खेळतात. बदल्याचा इतिहास मी सांगितला, तो असा. मे 1481 मध्ये सुलतान मेहमद वारला, आणि सप्टेंबरमध्ये नेपल्सच्या राजपुत्र अल्फोन्सोने गाव परत घेतले. हाती लागलेल्या काही तुर्क सैनिकांना त्याने आपल्याच फौजेत भरती केले, आणि पुढच्याच वर्षी ते त्याच्या बाजूने लढले. कोणाविरुद्ध? पोपच्या फौजेविरुद्ध. मुलगा गप्प झाला.

आज पर्यटक जो भव्य किल्ला बघतात तो या सगळ्यानंतरचा, 1485 ते 1498 मध्ये बांधलेला. जाड भिंती, तीन गोल बुरूज, भोवती खंदक, आणि दरवाजावर सम्राट पाचव्या चार्ल्सचे राजचिन्ह. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 1764 मध्ये या किल्ल्याच्या नावाने भुतांची कादंबरी लिहिली. स्वतः तो तिथे कधी गेला नव्हता.

मला विचाराल तर मी किल्ल्याआधी कॅथेड्रलच्या फरशीकडे जाईन. 1163 ते 1165 या काळात पांतालेओने नावाच्या संन्यासी धर्मगुरूने रंगीत खड्यांची ही फरशी घडवली. मधोमध एक प्रचंड झाड आहे, आणि त्याचे खोड दोन हत्तींच्या पाठीवर उभे आहे. फांद्यांत आदाम-हव्वा, काइन-हाबेल, नोहाचे तारू. शेजारीच सिकंदर आणि राजा आर्थर! शिवाय बारा महिने, प्रत्येकात शेतातले त्या महिन्याचे काम. 1480 च्या कहरातून ही फरशी बचावली.

आणि गावाच्या वरच्या गल्लीत संत पेत्राचे चिमुकले चर्च आहे. बांधणी बायझंटाइन, वयाने कॅथेड्रलहूनही जुने. 1480 साली ज्यांना टेकडीवर नेले ते लहानपणापासून हे चर्च पाहत आले असतील. त्याच्या भिंतीवर ग्रीक अक्षरांसह एक जुने चित्र आहे. गेथशेमाने बागेत तलवार उपसायला अजून काही तास आहेत; पेत्र बसला आहे, आणि प्रभू येशू त्याचे पाय धूत आहेत.